कॅमेऱ्यासमोरचे लुगडे

नागपूरहून रायपूरकडे जाताना साकोली मागे पडली की सडक अर्जुनी तालुका लागतो. गावाच्या नावातच सडक आहे. कोहमाऱ्याच्या फाट्यावरून एक रस्ता गोंदियाकडे, दुसरा नवेगावबांधच्या तलावाकडे जातो. 2013 मध्ये घोषित झालेल्या नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्पाकडे निघालेल्या सहकुटुंब गाड्या येथूनच वळतात.

वाघ सर्वांना दिसत नाही. माणसे मात्र दिसतात. आषाढात चिखलात वाकून धानाच्या पऱ्ह्यांची रोवणी करणाऱ्या स्त्रिया, चैत्रात भल्या पहाटे मोहफुले वेचणाऱ्या म्हाताऱ्या. गाडी थांबते, काच खाली येते, मोबाईल पुढे होतो आणि गाडी निघून जाते. जिचे छायाचित्र घेतले, तिला ते कळतही नाही. दुकानात येऊन न विचारता माल उचलून नेणाऱ्यास काय म्हणतात, हे व्यापारी घरांतून सांगण्याची आवश्यकता नाही.

विचारले तर काय होते, हे पाहण्यासारखे आहे. बाई बहुधा लाजते, मग घरात जाते. बऱ्याच वेळाने बाहेर येते ती केस विंचरून, ठेवणीतले लुगडे नेसून, आणि हात सरळ सोडून गंभीरपणे उभी राहते. प्रवाशाचा हिरमोड होतो, कारण त्याला मळके लुगडे आणि चिखलाचे पायच हवे होते. परंतु आपल्या आजी-आजोबांच्या जुन्या तसबिरी आठवाव्यात. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून, शालू नेसून, न हसता काढलेल्या. त्या काळी कोणी आजीला चुलीपुढे टिपले असते, तर तिला ते रुचले नसते.

पारंपरिक वेषाचा आग्रहही तपासून पाहावा. झाडीपट्टीत काष्ट्याचे नऊवारी लुगडे आता वयस्कर स्त्रियांकडेच अधिक दिसते. तरुण मुली आठवडी बाजारातली कृत्रिम धाग्याची साडी किंवा पंजाबी ड्रेस वापरतात, आणि ते कापड बहुधा आपल्यासारख्याच एखाद्या व्यापाऱ्याने आणलेले असते. भंडाऱ्याकडील कोष्टी विणकरांची टसरची करवत काठी शहरातील ग्राहक हौसेने घेतो. रोवणीला ती कोण नेसणार? अशा मुलीस आजीचे दागिने घालून उभे करणे म्हणजे नाटकच. सणाचा पोशाख पाहावयाचा असेल तर दिवाळीनंतरच्या मंडईला जावे, अथवा माघ पौर्णिमेस सालेकसा तालुक्यातील कचारगडच्या गोंड समाजाच्या यात्रेला. तेथे लोक स्वतःच्या हौसेने सजून आलेले असतात. अर्थात पूजेच्या जागी तेथेही विचारणे आलेच.

या विषयाला इतिहास आहे. इंग्रजी राजवटीत 1868 ते 1875 या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा चित्रसंग्रह निघाला. त्यातील बहुतेक चित्रांखाली जात-जमात आहे, माणसाचे नाव नाही. त्याच शतकात जैन कुटुंबात जन्मलेले छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांनी 1892 मध्ये हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी स्वतंत्र स्टुडिओ उघडला आणि तो एका युरोपीय बाईंच्या हाती सोपविला. तेथे स्त्रिया आपल्या इच्छेने येत. पहिल्या उपक्रमामागे सरकारचे बळ होते, तरी दुसऱ्यातील व्यवहार अधिक चोख म्हणावा लागेल.

घरातील स्त्रीने पुढे होऊन विचारावे, नकार मिळाल्यास कॅमेरा पिशवीत ठेवावा. मुलांना चित्रासाठी नाणी देऊ नयेत. त्याने हात पसरण्याची सवय लागते. आणि प्रत पाठविण्याचे वचन दिले असेल, तर ती देणे बाकी समजावी. नाव, गाव, पिनकोड तेथेच वहीत टिपून घ्यावा. कित्येक घरांत म्हातारीचे एकमेव चित्र आधार कार्डावरचे असते. ती गेल्यावर तेच पुसट चित्र मोठे करून हार घालावा लागतो. ठेवणीतल्या लुगड्यातील प्रतीचे मोल तेथे कळते.

नवेगावला दोन रात्रींचा मुक्काम असेल तर टपालाचीही गरज नाही. पहिल्या दिवशीची छायाचित्रे गोंदियाहून छापून आणावीत आणि परतताना त्याच शेतावर थांबावे. रोवणी एका दिवसात संपत नाही. बाया तेथेच असतात, फार तर शेजारच्या बांधीत.