चंदीगडच्या कलासंग्रहालयाचा आस्वाद

एखाद्या प्रदेशाचे कलासंग्रहालय पाहावयास गेलेला प्रेक्षक पुष्कळदा घाईने सगळी दालने पालथी घालतो आणि थकून बाहेर पडतो. वस्तू शेकडो पाहिल्या, परंतु मनात एकही राहिली नाही, असा अनुभव त्याला येतो. थोड्याच वस्तू पाहाव्यात, पण त्या येथवर कशा आल्या आणि कोणी घडविल्या हे जाणून पाहाव्यात, म्हणजे आनंद अनेक पटींनी वाढतो. चंदीगडचे शासकीय संग्रहालय व कलादालन हे याचे उत्तम उदाहरण आहे.

या संग्रहाचा मोठा भाग मूळचा लाहोरच्या संग्रहालयातील. 1947 साली पंजाबची फाळणी झाली, तेव्हा भूमीप्रमाणेच शिल्पे आणि चित्रे यांचीही वाटणी करावी लागली. 10 एप्रिल 1948 रोजी झालेल्या या वाटणीत साठ टक्के वस्तू पाकिस्तानकडे राहिल्या व चाळीस टक्के भारताच्या वाट्याला आल्या. लाहोर ही राजधानी गमावलेल्या पंजाबात त्या ठेवावयास कायमची जागा नव्हती. अमृतसर, सिमला, पतियाळा असा प्रवास करीत त्या अखेर नव्या राजधानीत पोहोचल्या. त्यांच्यासाठी बांधलेल्या वास्तूचे उद्घाटन 6 मे 1968 रोजी झाले. तिचा आराखडा करणारे वास्तुशिल्पी ल कॉर्बुझिए त्यापूर्वीच, 1965 मध्ये निधन पावले होते.

ही वास्तूही पाहण्याजोगी आहे. जिना चढण्याऐवजी प्रेक्षक उताराच्या रुंद वाटेने सावकाश वर जातो आणि त्याची चाल आपोआप मंदावते. वरून उतरणारा नैसर्गिक प्रकाश दगडी मूर्तींवर पडला की वस्त्रांच्या चुण्या उठून दिसतात.

येथील गांधार शिल्पांची संख्या सहाशेहून अधिक आहे. करड्या पाषाणातील या मूर्ती ज्या प्रदेशात घडल्या, तो आज मुख्यतः पाकिस्तानात आहे. बुद्धाच्या खांद्यावरून उतरणारे घडीदार वस्त्र व लाटांसारखे केस यांत ग्रीक-रोमन वळण दिसते. मिटत आलेले डोळे मात्र भारतीय ध्यानाचे आहेत. प्रेक्षकाने एकच मूर्ती निवडावी, प्रथम समोरून व मग बाजूने पाहावी. दगड कोठे खोल कोरला आहे आणि कोठे नुसता घासला आहे हे ध्यानी येऊ लागले, की शिल्पकाराचा हात दिसू लागतो.

पहाडी लघुचित्रांचे दालन वेगळ्या दृष्टीची अपेक्षा करते. ही चित्रे भिंतीवर टांगण्यासाठी काढलेली नव्हती. ती हातात धरून, एकेक करून पाहावयाची असत. म्हणून त्यांच्या अगदी जवळ जावे. कागदाचे थर चिकटवून व घोटून तयार केलेल्या गुळगुळीत पृष्ठावर, खारीच्या केसांच्या कुंचल्याने ही रेषा ओढलेली असे. बसोहली शैलीच्या काही चित्रांत तर पाचूंच्या जागी किड्याच्या पंखांचे चकचकीत हिरवे तुकडे चिकटविलेले आढळतात.

पूर्वी या चित्रांची विभागणी राज्यांच्या नावांनी होत असे: बसोहलीची, गुलेरची, कांगड्याची. चंदीगडचेच कलेतिहासकार बी. एन. गोस्वामी यांनी हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांतील यात्रेकरूंच्या नोंदी तपासून चित्रकारांची घराणी शोधून काढली. शैलीचा आधार राज्य नसून कुटुंब आहे, हा त्यांचा सिद्धान्त 1968 सालीच मुंबईच्या ‘मार्ग’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यामुळे गुलेरचे पंडित सेऊ आणि त्यांचे पुत्र मानकू व नैनसुख ही केवळ नावे राहिली नाहीत.

मानकूने 1730 मध्ये चितारलेल्या गीतगोविंदाच्या मालिकेतील पृष्ठांपुढे प्रेक्षकाने अवश्य थांबावे. सपाट, एकरंगी पार्श्वभूमी, ठाशीव आकाराची झाडे आणि त्यांमध्ये राधा, कृष्ण व सखी. येथे खोलीचा आभास नाही. भाव प्रकट होतो तो हाताच्या वळणातून, मानेच्या कलण्यातून आणि दोन आकृतींमधील अंतरातून. त्यानंतर पुढच्या पिढीतील कांगडा शैलीचे एखादे चित्र पाहावे. तेथे टेकड्या दूर सरकतात, हिरवळ कोवळी होते, चेहरे मृदू होतात. एकाच परंपरेतील हा पालट कोणत्याही पाटीवाचून डोळ्यांना कळतो.

मात्र याच मालिकेची काही पृष्ठे लाहोरला राहिली आहेत. कथेच्या क्रमाने एकमेकांशेजारी असावयाची ही चित्रे आज दोन देशांत विभागलेली आहेत. एका पृष्ठावरून दुसऱ्याकडे वळताना मधले पान सरहद्दीपलीकडे असू शकते, हे ठाऊक असलेला प्रेक्षक समोरचे पान अधिक जपून पाहतो. अशा दोन-तीन वस्तूंची ओळख करून घेऊन परतावे. बाकीच्यांसाठी पुन्हा यावे.