२४ हजार वळिवडे

मिरजेहून कोल्हापूरला येताना रुकडी मागे पडली की वळिवडे लागतं. १९४३ ते १९४८ या काळात इथे सुमारे ५ हजार पोलिश निर्वासित राहत होते. सोव्हिएत सत्तेने सैबेरियात, कझाकस्तानात नेऊन टाकलेली, मग इराणमार्गे इकडे पोचलेली ही माणसं. बायका आणि मुलंच जास्त. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, नाटकं व्हायची. मोठे आकडे समजायला ही वस्ती मला सोयीचं माप वाटते. एक वळिवडे म्हणजे ५ हजार.

आता १९७१ घ्या. मार्चअखेरीपासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत पूर्व पाकिस्तानातून भारतात सुमारे ९९ लाख माणसं आली. रोजची सरासरी ३८ हजार. दिवसाला साडेसातहून जास्त वळिवडे, आणि ऐन पावसाळ्यातही. त्रिपुराची स्वतःची लोकसंख्या तेव्हा साडेपंधरा लाख, तिथे आलेले निर्वासित १४ लाखांवर. घरात जितकी माणसं, जवळपास तितकेच पाहुणे! आपल्याला झळ लागली ती नोव्हेंबरपासून निर्वासितांच्या मदतीसाठी पत्रावर चिकटवायच्या पाच पैशांच्या जादा तिकिटाची.

आणि आज? संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेच्या मोजणीनुसार २०२४ अखेर जगात १२ कोटी ३२ लाख लोक विस्थापित होते. वळिवडे २४,६४०. (२०११च्या जनगणनेत अख्खा महाराष्ट्र ११ कोटी २४ लाखांचा होता.) दर ६७ माणसांमागे एक बेघर. एकट्या सुदानमध्ये १ कोटी ४३ लाख लोक उठले, म्हणजे देशातला जवळजवळ तिसरा माणूस. विस्थापितांपैकी साठ टक्के आपल्याच देशात आहेत. सीमा ओलांडली नाही म्हणून कायद्याच्या लेखी ते निर्वासितही नाहीत.

पण आकड्यापेक्षा काळ जास्त छळतो. १९७१चे बहुतेक लोक युद्ध संपल्यावर काही महिन्यांत परतले. ऑगस्ट २०१७ नंतर बांगलादेशात आलेल्या ७ लाखांहून अधिक रोहिंग्यांपैकी बहुतेक अजून कॉक्स बाजारच्या छावण्यांतच आहेत. जुनं सगळं सुखान्त होतं असंही नाही. वळिवड्यातल्या अनेक पोलिशांची गावं सोव्हिएत संघात गेली, परतायला घरच उरलं नाही. त्यांनी रिकाम्या केलेल्या छावणीत फाळणीतले सिंधी आले. तेच आजचं गांधीनगर, कोल्हापूरकरांची कापडपेठ.

‘निर्वासितांचे लोंढे श्रीमंत देशांवर आदळताहेत’ हे वाक्य मात्र आकड्यांपुढे टिकत नाही. २०२४ अखेर सीमा ओलांडलेल्यांपैकी ७३ टक्के लोक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतच होते, आणि दोन-तृतीयांश तर शेजारच्याच देशात.