शेपूट कोणाला बांधलंय?

"भाऊ, फाइल उघडूनच नाही राहिली." सावनेरच्या आमच्या टायपिंग-झेरॉक्सच्या दुकानात हे वाक्य किती वेळा ऐकलं, त्याची मोजदाद नाही. फाइल बहुतेकदा धडधाकट असायची. ती कशात उघडायची, एवढंच कॉम्प्युटर विसरलेला असायचा.

विंडोज एक्सपीच्या दिवसांत यावर इलाज दोन ओळींचा. काळी खिडकी, म्हणजे कमांड प्रॉम्प्ट, उघडून 'असॉक .पीडीएफ' टाकलं की फाइलच्या नावामागचं ते शेपूट, म्हणजे एक्स्टेंशन, कोणत्या नावाला बांधलंय ते कळे. मग ते नाव 'एफटाइप'ला द्यायचं. त्यामागच्या प्रोग्रॅमचा पत्ता समोर. पत्त्याच्या शेवटी अवतरणांत '%१' असे, तिथे उघडायच्या फाइलचं नाव जाऊन बसतं. अवतरणं विसरली, की 'सातबारा नवा' या फाइलचा नुसता 'सातबारा' पोचायचा आणि प्रोग्रॅम हात वर करायचा.

२००० च्या मे महिन्यात 'आय लव्ह यू' व्हायरसने जग हलवलं, तोही याच शेपटाच्या जोरावर. खरं शेपूट .व्हीबीएस, विंडोज ते लपवायचं, म्हणून दिसे फक्त .टीएक्सटी. नंतर आम्हीही .व्हीबीएस सरळ नोटपॅडला बांधून टाकलं. डबल-क्लिक केलं तरी विषारी कोड नुसता वाचायला मिळे.

एकदा मात्र पेनड्राइव्हमधून आलेल्या व्हायरसने प्रोग्रॅमचं शेपूट .ईएक्सईच मोडलं. कोणतंही आयकॉन दाबा, 'कशात उघडू?' काळी खिडकी स्वतःच ईएक्सई, तीही उघडेना. अख्खी दुपार गेली बापा! शेवटी 'रन'मध्ये जुनं 'कमांड.कॉम' टाकलं. त्याचं शेपूट वेगळं, म्हणून ते वाचलं होतं. आत शिरून 'असॉक .ईएक्सई=ईएक्सईफाइल', पाठोपाठ एफटाइपची ओळ, आणि मशीन ताळ्यावर.

२०१२ मध्ये विंडोज ८ आलं आणि ही चावी हातातून गेली. युजरची निवड आता रजिस्ट्रीत एका सांकेतिक शिक्क्यासह राहते. बाहेरून बदललीत तर शिक्का जुळत नाही आणि विंडोज स्वतःचंच खरं करतं. व्हायरसला आळा बसला हे कबूल, पण घरमालकालाही बाहेर ठेवायचं? विंडोजच्याच 'डिझम' या कमांडने सगळ्या जोड्या एका फाइलीत काढून दुसऱ्या मशीनवर चढवता येतात, पण त्या लागतात नव्या युजरच्या पहिल्या लॉगिनलाच. लिनक्सवर 'एक्सडीजी-माइम'ची एक ओळ अजून पुरते. दुकानात लिनक्स कोण वापरणार, हा वेगळा प्रश्न.

परवा एक मुलगी अर्जाची पीडीएफ घेऊन आली. सवयीने असॉक टाकलं. त्याने जुन्या पीडीएफ-रीडरचं नाव सांगितलं. डबल-क्लिक केलं, तर फाइल ब्राउझरमध्ये उघडली. प्रिंट तिथूनच काढून दिली.