ड्रायव्हर पितो हे कळलं. काढायचा, माफ करायचं, की तिसरा रस्ता?



"सर, ड्रायव्हर कामाला वाघ आहे, पण पितो. काय करू?" हा प्रश्न ट्रेनिंगमध्ये हमखास येतो. बहुतेक मालक दोनच गोष्टी करतात. एकतर हिशोब करून घरी पाठवायचं, नाहीतर शपथ घ्यायला लावून परत चावी द्यायची. पहिल्यामुळे बाकीचे लपवायला शिकतात. दुसऱ्यात रस्त्यावरच्या माणसांचा जीव पणाला लागतो.

तिसरा रस्ता विमानवाल्यांकडे आहे. अमेरिकेत १९७० च्या दशकापासून पायलटांसाठी 'हिम्स' नावाचा कार्यक्रम चालतो. पायलट संघटना, कंपन्या आणि सरकारी विमान खातं मिळून तो चालवतात. त्याची पद्धत बघा:

१. आधी कॉकपिटमधून बाहेर. उपचार होईपर्यंत उड्डाण नाही.
२. पूर्ण उपचार. नुसतं समुपदेशन नाही, बहुतेक वेळा केंद्रात राहून.
३. परतीचा निर्णय साहेबाचा नाही. खास प्रशिक्षित डॉक्टर तपासतात, खातं परवानगी देतं.
४. पुढे काही वर्षं नजर. न सांगता टेस्ट, शिवाय एक सहकारी पायलट आणि एक अधिकारी नियमित भेटतात.

याने फरक पडतो का? ८ मार्च १९९० ला नॉर्थवेस्ट एअरलाइन्सच्या विमानात कॉकपिटमधले तिघेही प्यायलेले होते. कॅप्टन लाइल प्राउझ यांची नोकरी आणि लायसन्स गेलं, तुरुंगवासही झाला. ते व्यसनातून बाहेर पडले, लायसन्स पहिल्यापासून मिळवली आणि त्याच कंपनीतून ७४७ चे कॅप्टन म्हणून निवृत्त झाले. डॉक्टरांसाठीही असेच कार्यक्रम आहेत. २००८ च्या एका अमेरिकन अभ्यासात अशा डॉक्टरांपैकी सुमारे ७९ टक्के पाच वर्षांनी लायसन्ससह काम करत होते.

म्हणजे भरवसा शपथेवर नाही, व्यवस्थेवर ठेवायचा. आपल्या टेम्पो-क्रेनच्या धंद्यात हे असं करता येईल:

• नियम लेखी आणि सगळ्यांना सारखा. मालकाच्या भाच्यालासुद्धा.
• कळल्यादिवशी चावी काढून घ्या, पण जमलं तर माणूस ठेवा. गोडाऊनचं काम द्या.
• उपचाराला पाठवा. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करतंय.
• परत चावी द्यायची का, हे तुमच्या मायेवर किंवा रागावर सोडू नका. उपचार करणाऱ्यांचं मत घ्या.
• चावी देण्याआधी रोज श्वासाची मशीन. रेल्वे आपल्या लोको पायलटना ड्युटीआधी फुंकायला लावते, मग आपल्याला कसली लाज?

आणि लक्षात ठेवा, कायद्याने १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवणं गुन्हा आहे. "थोडीच घेतली होती" हे कोर्टात चालत नाही.

आजचं होमवर्क: तुमच्याकडे चावी कोणाकोणाच्या हातात असते, त्यांची यादी करा आणि नियमाचा कागद लिहायला घ्या. एखादा घसरला तर त्याला हाकलण्याआधी परतीचा रस्ता दाखवता आला पाहिजे.