भूमध्य समुद्राचा कार्बन

भूमध्य समुद्रातल्या कार्बनचा हिशेब मांडायचा तर जिब्राल्टरची सामुद्रधुनी गाठावी लागते. जेमतेम 14 किलोमीटर रुंदीच्या या चिंचोळ्या वाटेने अटलांटिकचे हलके पाणी वरून आत शिरते. बाष्पीभवनाने अधिक खारट, जड झालेले पाणी सुमारे 300 मीटर खोलीवरच्या उंचवट्यावरून बाहेर पडते. या बाहेर पडणाऱ्या पाण्यात विरघळलेला कार्बन जास्त: काही आटल्याने दाटलेला, काही नद्यांनी आणलेला, काही वरून गळणारे सेंद्रिय कण खोलवर कुजून सुटलेला. मग समुद्र कार्बन गमावतोच की, असे कोणी म्हणेल. एकूण गोळाबेरजेपुरते ते खरे. पण इंधनांच्या धुरातला कार्बन आधी मुरतो पृष्ठभागाच्या पाण्यात, आणि आत येते ते नेमके तेच; म्हणजे हा कार्बन समुद्र गमावत नाही, कमावतो. त्यात इथल्या पाण्याची अल्कता अधिक, त्यामुळे हवेतला वाढीव कार्बन डायऑक्साइडही ते जास्त सामावून घेते.