निसटते ध्रुवांवरून, कळते अलिबागला

अकोला-अमरावतीच्या डोक्यावर, साधारण 300 किलोमीटर उंचीवर, सूर्याचे अतिनील किरण हवेतल्या अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटे करतात आणि विद्युतभारित कणांचा दाट थर तयार होतो. हे कण अवकाशात निसटू शकत नाहीत. वऱ्हाडावरची चुंबकीय रेषा काहीशे किलोमीटर वर जाते आणि विषुववृत्तापलीकडे हिंदी महासागरावर पुन्हा खाली उतरते. कण तिलाच बांधलेले असतात.

मोकळी वाट आहे ती ध्रुवांजवळ. तिथल्या रेषा दूर अवकाशात ताणलेल्या असतात. हलके इलेक्ट्रॉन आधी वर सटकू पाहतात, मागे राहिलेल्या धन आयनांपासून त्यांची फारकत होऊ लागते आणि त्यातून उपजलेले विद्युतक्षेत्र आयनांना वर खेचते. हे क्षेत्र मोजण्यासाठी नासाचा ‘एन्ड्युरन्स’ अग्निबाण 11 मे 2022 रोजी स्वालबार्डहून उडाला. शेकडो किलोमीटरच्या उंचीत फरक भरला जेमतेम 0.55 व्होल्ट, मनगटी घड्याळाच्या सेलहूनही कमी. तरी हायड्रोजनच्या आयनाला तो गुरुत्वाकर्षणाच्या दहापटींहून अधिक जोराने वर ओढतो!

ऑक्सिजनचे आयन जड. त्यांना वर न्यायला सौर वादळाचा जोर लागतो. त्यातले काही कायमचे जातात. काही पृथ्वीच्या चुंबकीय शेपटातून माघारी फिरतात आणि सूर्याकडून आलेल्या प्रोटॉनांसोबत हजारो किलोमीटर उंचीवर पृथ्वीभोवती वलयप्रवाह घडवतात. या प्रवाहामुळे जमिनीवरचे आडवे चुंबकीय क्षेत्र घटते. अलिबागची वेधशाळा ही घट टिपते.

तिचे मूळ मुंबईच्या कुलाब्यात आहे. 2 सप्टेंबर 1859 च्या महावादळात तिथे क्षेत्र सुमारे 1600 नॅनोटेस्लाने कोसळल्याची नोंद सापडते. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने उपकरणे बिघडणार, हे संचालक नानाभॉय फ्रामजी मूस यांनी वेळीच ओळखले आणि अलिबाग निवडले. इमारतीत लोखंड टाळून पोरबंदरी दगड वापरला. मला मूस यांचा सर्वांत मोलाचा निर्णय मात्र दुसराच वाटतो: 1904 ते 1906 दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेतले गेले. दोन्ही जागांच्या आकड्यांतला फरक नेमका कळला, मालिका तुटली नाही. आज ही वेधशाळा भारतीय भूचुंबकत्व संस्था चालवते आणि मे 2024 चे वादळ 1859 च्या वादळाशेजारी ठेवून पाहता येते.