झेन बाग : मुलांना शांत बसायला शिकवू, इतिहासही सांगू

झेन हा शब्द आपल्याला परका नाही. पालीतले ‘झान’ आणि संस्कृतातले ‘ध्यान’ चीनमध्ये ‘चान’ झाले, जपानमध्ये ‘झेन’. जपानच्या झेन विहारांत ‘कारेसान्सुई’ नावाची पाण्याविना बाग बहरली. तिच्यात दगड म्हणजे डोंगर किंवा बेट, आणि दाताळ्याने रेघा ओढलेली पांढरी खडी म्हणजे पाणी.

क्योटोतील र्योआनजी विहाराची अशी बाग १९९४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. तिथे १५ दगड आहेत. पण समोरच्या ओसरीवर कुठेही बसले, तरी एखादा दगड नजरेआड राहतोच.

परीक्षेच्या ताणात असलेल्या मुलांसाठी विहारातल्या बालसंस्कार वर्गात ही बाग छोट्या रूपात करता येते. पसरट ताटात कोरडी, चाळलेली वाळू पसरा. तीन-चार गोटे मुलांना हवे तसे ठेवू द्या. दाताळे म्हणून मोठ्या दातांचा कंगवा चालेल. आधी पाच मिनिटे श्वासाकडे लक्ष. मग श्वास सोडताना एक रेघ, सावकाश. रेघ वाकडी झाली तर रागवू नका. मन कुठे गेले होते, एवढेच विचारा. शेवटी मुलांनीच वाळू सारखी करावी. अनित्यता समजावायला वेगळे प्रवचन लागत नाही.

पण एवढ्यावर थांबलो तर अर्धीच गोष्ट सांगितली असे होईल. मध्ययुगीन जपानमध्ये अशा अनेक बागा ‘कावारामोनो’ लोकांनी घडवल्या. नदीकाठी राहणारे, मेलेली जनावरे उचलणारे, कातडे कमावणारे हे लोक अपवित्र मानले जात. दगड-मातीची कामेही त्यांच्याकडेच असत. त्यातूनच ते बागकामात निष्णात झाले. १५व्या शतकातला झेनआमी हा त्यांच्यातलाच. खुद्द शोगुन, म्हणजे लष्करी शासक, आशिकागा योशिमासा त्याच्याकडून बागा करून घेत असे.

र्योआनजीची बाग नेमकी कोणी रचली याची नोंद नाही. मात्र एका दगडाच्या मागच्या बाजूला नावे कोरलेली आहेत. त्यांतले एक ‘कोतारो’. ही कावारामोनो कारागिरांची नावे असावीत, असे अभ्यासक मानतात.

हे आपल्या मुलांना सांगितलेच पाहिजे. जगभरचे लोक ज्या बागेसमोर शांत बसतात, तशा बागा समाजाने दूर लोटलेल्या हातांनी घडवल्या. मग मुलांना विचारा : आपल्या आजी-आजोबांच्या हातची कोणती कला बिननावाची राहिली? उत्तरे वहीत लिहून घ्या. आणि ताटाच्या मागे प्रत्येक मुलाला स्वतःचे नाव लिहू द्या.